डबा पोहोचला

मुश्ताकभाई गेले त्या दिवशी मी जालन्याच्या दवाखान्यातून जाफराबादला घरी आलो, चपला काढल्या आणि बायकोला सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "कळलं." तिनं फोन पुढं केला. मुश्ताकभाईंच्या, म्हणजे आमच्या सरांच्या, जुन्या विद्यार्थ्यांचा गट होता, त्यात हात जोडलेल्या चित्रांची रांग लागलेली. मी ज्या गाडीनं येत होतो ती गाडी भोकरदनच्या अलीकडं असेल तेव्हाच बातमी गावात उतरून घरोघर फिरून आली होती. मी उभं आयुष्य एसटी स्टँडावर कंट्रोलर म्हणून काढलं. कुठलीही गोष्ट पोहोचायला वेळ लागतो, हे मी लोकांना खिडकीतून ओरडून सांगत आलो. आता काहीच वेळ लागत नाही. मी खाटेवर बसलो आणि बायकोनं दिलेला चहा निवेपर्यंत नुसता हातात धरून राहिलो. रडू आलं नाही. थकवा आला, तो अजून गेलेला नाही. चाळिसावं होऊन गेलं, नातेवाईक आपापल्या गावी गेले, आणि माझ्या सुनेनं म्हटलं, "आप्पा, तुम्ही लिहून काढा, म्हणजे सारखं तेच तेच बोलणार न्हाई." म्हणून लिहायला बसलो आहे. ती बिचारी कंटाळली असणार.

मुश्ताकभाईंचा कॉम्प्युटर क्लास आमच्या स्टँडासमोर, पिठाच्या गिरणीच्या माडीवर होता. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची आणि कीबोर्डवर पिठाची पांढरी साय बसायची. आमच्या ऑफिसातून हुकूम आला की रोजचा रिपोर्ट यापुढं मेलनं पाठवायचा, तेव्हा मी आणि माझे दोन सोबती असे तिघं घोडे त्या पोरासोरांच्या क्लासात जाऊन बसलो. पहिल्याच दिवशी सरांनी मला विचारलं, "साहेब, नुसतं बटण दाबायचं शिकवू, का मेल जाती कशी ते समजून घ्यायचंय?" सोबतीचे दोघं म्हणाले, बटण. मी म्हणालो, समजून घ्यायचंय. मला कुठं काय कळत होतं, पण समोरच्या बाकावर पोरी फिदीफिदी हसत होत्या, त्यांच्यापुढं बटण कसं म्हणणार? त्या एका फुशारकीतून आमची दोस्ती झाली.

समजावताना त्यांनी फळ्यावर काही काढलं नाही. मला हाताला धरून जिन्यानं खाली आणलं, रस्ता ओलांडून माझ्याच खिडकीपाशी उभं केलं. आमच्याकडं एक चाल आहे, बाहेरच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. गावची पोरं शिकायला जालन्याला, औरंगाबादला खोली करून राहतात. औरंगाबादचं नाव तेव्हा तेच होतं. घरची आई सकाळी जेवणाचा डबा बांधते आणि स्टँडावर आणून ड्रायव्हरच्या हातात देते. डब्यावर पोराचं नाव. तिकडच्या स्टँडावर ड्रायव्हर तो खिडकीत ठेवतो, पोरगं येऊन घेऊन जातं. ना पावती, ना पैसे, सगळा मामला भरवशावर. पोरगं आलंच नाही, तर संध्याकाळच्या गाडीनं डबा जसाच्या तसा वापस, माझ्या टेबलावर. उन्हाळ्यात त्याचा काय वास सुटतो, ते मला विचारा.

"हे बघा," सर म्हणाले, "हितून डबा गाडीत चढला, तिकडच्या खिडकीत उतरला. एवढं काम जो करतो त्याला म्हणायचं एसएमटीपी. तुमचा ड्रायव्हरच समजा. पोरगं आलं का, जेवलं का, त्याला त्याचं काही देणंघेणं न्हाई."

"मंग पोराच्या हातात कोण देतं?"

"कुणीच देत न्हाई. पोरगं सोताच्या पायानं येतं. आन यायच्या दोन तऱ्हा. एक पॉप. आलं, डबा उचलला, खोलीवर नेला, खिडकी रिकामी. दुसरी आयमॅप. डबा खिडकीतच ठेवायचा, तिथंच बसून चार घास खायचे, झाकण लावून निघून जायचं. मागून भाऊ आला, त्यानं बी त्याच डब्यातलं खाल्लं. किती उरलं ते दोघांना बी बराबर दिसतं."

मी विचारलं, "आन कुणी आलंच न्हाई तर?" तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावरच्या वापस आलेल्या डब्याकडं बोट केलं. "खिडकी भरली की नवीन डब्याला जागा न्हाई. ड्रायव्हर घेऊन येतो वापस, ज्यानं पाठवला त्याच्याकडं. मेल बाउन्स झाली म्हणतात ती हीच." मी त्यानंतर पुष्कळ साहेबांची पुष्कळ प्रशिक्षणं झोपेत काढली, पण हे कधी विसरलो नाही.

पुढं आमच्यात वाद सुरू झाला, तो शेवटपर्यंत मिटला नाही. मी झालो आयमॅपवाला. माझी मेल फोनात दिसते, ऑफिसात दिसते, सुनेच्या लॅपटॉपवर दिसते, मला अजून काय पाहिजे? ते कट्टर पॉपवाले. मेल उतरवून आपल्या मशीनमधी घ्यायची, पलीकडची खिडकी झाडून मोकळी करायची. "घरी आणलं ते आपलं," असं त्यांचं ठाम मत. मी म्हणायचो, "आन घरच्या मशीनला आग लागली मंग?" ते म्हणायचे, "आन तुमच्या खिडकीवाल्यानं कुलूप लावलं मंग?" रोज चहाला हेच. चहावाला म्हणायचा, तुमचं दोघाचं भांडण लागलं की माझे दोन कप जास्ती खपतात. क्लासच्या नावाची मेलची पेटी त्यांनी फार पूर्वी घेतली होती, तीही सगळ्यात लहान मापाची. मोठी घ्या म्हटलं तर म्हणायचे, "रोज उचलणाऱ्याला मोठी खिडकी कशाला लागती?"

एकदा मात्र त्यांच्या पॉपनं गावाला घाम फोडला. त्या काळात निम्म्या जाफराबादनं नोकरीच्या अर्जावर सरांच्याच क्लासचा मेल पत्ता दिलेला. मेल आली की सर ती छापायचे आणि माडीच्या कठड्याला बांधलेल्या दोरीवर कपड्याच्या चिमट्यांनी अडकवायचे. खालून जाणारा माणूस मान वर करून आपलं नाव बघायचा. मग त्यांच्या धाकट्या भावानं दुसरं मशीन आणलं आणि हौसेनं त्याच्यावरही तीच पेटी जोडली. झालं! जे मशीन आधी सुरू होईल ते सगळ्या मेली उचलून मोकळं. दुसऱ्याला खिडकी रिकामी. अर्ध्या मेली ह्या मशीनमधी, अर्ध्या त्या, आणि भाऊभाऊ एकमेकांवर ओरडून राह्यलेत, तू लपवली, तू खोडली. एका पोरीचं मुलाखतीचं बोलावणं त्या दुसऱ्या मशीनमधी पडून होतं. सापडलं तेव्हा मुलाखत दुसऱ्या दिवसावर आलेली. सर तो कागद घेऊन भरल्या जीपच्या मागं लटकून तिच्या गावाला गेले. पोरगी वेळेत पोहोचली, नोकरीला लागली, पण सरांनी त्या दिवशी नियम घातला: पेटी एकच मशीन उघडणार आणि ते मशीन मीच लावणार. पासवर्ड भावालासुद्धा नाही, बायकोला, म्हणजे आमच्या शमीमभाभींनाही नाही. हा नियम ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच अडलं आहे.

आयेशा त्यांची एकुलती एक पोरगी. ती औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेली तेव्हा शमीमभाभी रोज सकाळी डोक्यावरची ओढणी सावरत डबा घेऊन माझ्या खिडकीत यायच्या. "भाईसाब, आज खिचडा आहे, ड्रायव्हरला सांगा आडवा ठेवू नको." मी ड्रायव्हरला सांगायचो, ड्रायव्हर हौ म्हणायचा आणि आडवाच ठेवायचा. डबा मिळाला की आयेशानं कॉलेजातून अब्बूला मेल करायची, असा ठराव होता. मेलीत मजकूर काही नाही, वर विषयाच्या जागी फक्त दोन शब्द: डबा पोहोचला. दुपारी सर माडीवरून मला आवाज द्यायचे, "साहेब, पोहोचला!" आणि मी खिडकीतून हात वर करायचो. मग पोरगी शिकायला जर्मनीला गेली. तिथं कुठली गाडी जाणार? पण तिनं मेल बंद केली नाही. रोज आपण जे शिजवलं त्याच्या ताटाचा फोटो आणि वर तेच दोन शब्द. फोनवर तर तिघं रोज बोलायचेच, तोंडं बघून बोलायचे. मी एकदा म्हणालो, मंग मेल कशाला? सर म्हणाले, "फोन बोलून संपतो साहेब. हे घरी येतं." क्लास तोवर बंद पडला होता. पोरांना फोनातच सगळं मिळायला लागलं, माडी खाली केली आणि जुनं मशीन घराच्या पुढच्या खोलीत आलं. तरी रोज पहाटे फजरची नमाज झाली की पहिलं काम मशीन लावायचं आणि मेल उतरवायची. मग चहा.

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून काढलं, मग जालन्याला नेलं आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गाठ फार पुढं गेली आहे. त्याच सुमारास आयेशाचं शेवटचं प्रोजेक्ट द्यायचं होतं, ते झालं की पदवी. भाभींनी आम्हा सगळ्यांना दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं करून सांगितलं, "पोरीला कुणी बोलायचं न्हाई. सगळं सोडून पळत येईल, साल वाया जाईल तिचं. तुम्हाला माझी कसम." सरांच्या हातावर हात ठेवून त्यांनाही कसम घातली. सर हं म्हणाले. मीही हं म्हणालो. आपल्याकडं हे असंच असतं. लांबच्या लेकराला कळू द्यायचं नाही, म्हणजे आपण त्याच्यावर फार मोठे उपकार केले!

फोनवर तोंड दिसतं, त्याचं काय करायचं? तर भाभींनी घरच्या खिडकीचा मोठ्या लाल फुलांचा पडदा काढून दवाखान्यात आणला. संध्याकाळी फोनची वेळ झाली की मी आणि नर्सबाई तो सरांच्या खाटेमागं दोरीवर अडकवायचो. हातातली सुई चादरीखाली, अंगात घरचा सदरा. आयेशा म्हणायची, "अब्बू, बारीक दिसून राह्यले." सर म्हणायचे, "रोजे धरून राह्यलो, नफिल." म्हणजे रमजान नसताना आपखुशीनं धरलेले. फोन ठेवला की भिंतीकडं तोंड करून पडायचे. मला त्या पडद्याची चीड यायची. चांगला, साधा, घरचा पडदा, त्याला आम्ही खोटं बोलायला लावलं होतं.

मधे एकदा मी जाफराबादला निघालो होतो. म्हटलं, "मशीन लावून मेली उतरवून येऊ का? पासवर्ड सांगा." सरांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "राहू द्या साहेब. बंदच राहू द्या." मला वाटलं, थकलेत, नको वाटत असेल. बिलकुल दुसरं काही मनात आलं नाही.

मग एका सकाळी मी दवाखान्याच्या गेटावर चहा पीत होतो आणि आयेशाचा फोन आला. मला एकट्याला, ह्या वेळेला, तिचा कधी फोन येत नाही.

"काका, अब्बू कुठंयत?"

"घरीच. झोपले असतील." सराईतपणे निघालं तोंडातून.

"काका, डबा वापस आला."

मी म्हणालो, "कसला डबा, बेटा?"

"मेल. पेटी भरली म्हणून वापस आली. काका, अब्बूनं मशीन लावली न्हाई. लई दिवस झाले लावली न्हाई, त्याच्याबिगर पेटी भरत न्हाई. अब्बू घरी असते तर लावली असती ना." आणि मग हळू आवाजात, "पडदा तर आपलाच दिसत होता..."

मी कप खाली ठेवला. रस्त्यावरच्या रिक्षा ओरडत होत्या, त्या तिलाही ऐकू गेल्या असतील. आमच्या गल्लीत एवढ्या रिक्षा कुठून येणार? ती म्हणाली, "तिकीट काढते," आणि फोन ठेवला. मी तिथंच फुटपाथवर बसलो. मला हलकं वाटलं, हे खरं सांगतो. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा.

ती आली तेव्हा भाभी आधी माझ्यावरच धावल्या. "भाईसाब, तुम्ही सांगितलं! माझी कसम मोडली तुम्ही!" मी काही बोलणार तेवढ्यात आयेशानं बॅग खाली टाकली आणि म्हणाली, "अम्मी, काकांनी न्हाई. सर्व्हरनं सांगितलं." भाभींना कळेना, हा कोण सर्व्हर, आपल्या ओळखीचा तर नाही. खाटेवरून हसण्याचा आवाज आला. अंगात हसायची ताकद नव्हती, तरी हसले, आणि खोकला लागला, आणि आम्ही सगळे पाणी पाणी करत धावलो. त्या दिवशी जेवणाचा डबा नेहमीसारखा जाफराबादच्या गाडीनं आला होता, सरांच्या भावाच्या घरून. आयेशानं तो त्यांच्या खाटेवरच उघडला. बापाच्या तोंडात दोन घास गेले, बाकीचं तिनं खाल्लं, आईनं रागारागानं वाढलं आणि तिनं निमूट खाल्लं. प्रवासाची भुकेली होती पोरगी. सर तिच्या तोंडाकडं बघत होते. म्हणाले, "पोहोचला का?" ती म्हणाली, "पोहोचला, अब्बू." मग तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दोघी खाली औषधं आणायला गेल्या तेव्हा मी खुर्ची ओढून खाटेशी बसलो. म्हणालो, "मुश्ताकभाई, मला म्हाताऱ्याला बनवू नका. पेटी भरणार हे तुम्हाला ठाऊक होतं."

ते छताकडं बघत म्हणाले, "मी कुणाला काही बोललो का? कसम मोडली का?"

"न्हाई."

"मंग झालं तर." मग म्हणाले, "साहेब, मी पोरीला फसवून राह्यलो होतो. रोज. पडदा लावून. मला तिला बघायचं होतं हो... बास. शमीमला कसं सांगणार?" मी त्यांचा हात धरला. आयुष्यभर चहावर भांडलो आम्ही, हात कधी धरला नव्हता. हाताची नुसती हाडं लागली मला. बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली, आणि त्यांना झोप लागली.

आयेशाला बापाचे थोडे दिवस मिळाले. फार नाही, पण मिळाले. जनाज्याला गाव लोटलं होतं. दोरीवर ज्यांची कधी ना कधी मेल लटकली होती ते सगळे आले, जीपमागं लटकून ज्या पोरीचं बोलावणं नेलं ती आता मोठ्या पोरांची आई, तीही घरी येऊन भाभींपाशी बसली. मी तीन मुठी माती घातली आणि बाजूला सरकलो. आयेशाचं साल वाया गेलं नाही, तिकडच्या लोकांनी मुदत वाढवून दिली. एवढ्यासाठी आम्ही महिनोन् महिने पडदे अडकवत बसलो होतो! एक अर्ज करून काम झालं. ह्याचा राग मी कुणावर काढू?

जर्मनीला परत जायच्या आधी तिनं बापाच्या मशीनमधी पासवर्ड बसवून दिला, तो त्यांनी शेवटच्या दिवसांत तिला एकटीला सांगितला होता. सुरू केलं की आपोआप उतरतं. मी तिला म्हणालो, "बेटा, आता हे आयमॅप करून टाकू. अम्मीच्या फोनातच दिसल सगळं, तुझ्या फोनात बी दिसल, मशीनची कटकट न्हाई." माझा जुना वाद मी आता जिंकण्यासारखा होतो, समोर भांडायला कुणी नव्हतं. तिनं आईकडं बघितलं. भाभी म्हणाल्या, "फोनमंदी नको भाईसाब. घरी येऊ द्या, जसं येत होतं तसं." मग मला बजावलं, "आन भरू देऊ नका. वापस गेलं तर पोरीला वाटल, घरी कुणीच न्हाई."

म्हणून आता सकाळचं हे काम माझ्याकडं आहे. गुडघे दुखतात, कधी कधी अगदी नको वाटतं, बायको म्हणते एखाद्या दिवशी न्हाई गेलात तर काय बिघडलं. जातो. पुढच्या खोलीत तो लाल फुलांचा पडदा धुऊन परत आपल्या खिडकीला लागला आहे. मशीन घरघरत सुरू होतं, त्याच्या कुठल्या तरी फटीत गिरणीचं पीठ अजून असणार. आयेशाची मेल उतरते. वर तेच दोन शब्द, ठळक अक्षरात, कारण उघडलेली नाही. मी उघडत नाही. माझ्या नावची नाही ती.

आत भाभी पोळ्या झाकून बसलेल्या असतात. आतूनच विचारतात, "आला का, भाईसाब?"

मी म्हणतो, "पोहोचला."

मग त्या आपलं ताट वाढून घेतात.